उपकेंद्राच्या कामाला दुसऱ्या खात्यातला पैसा कसा लावायचा: नव्या सरपंच-सदस्यांसाठी

नवे सरपंच, मग ताई असो की भाऊ, बसले की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सिमेंट रस्त्याले पैसा हाये, सभामंडपाले हाये, दवाखान्यालेच काऊन नाही? तिकडचा इकडे वळवून घेऊ ना!" वळवता येतो. पण आमसभेत भाषणात वाटतो तितका सरळ नाही, आणि तालुक्याचा बाबू सांगतो तितका अशक्यही नाही. मी पंचायत समितीत एक कार्यकाळ काढला, आता यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या भागातल्या ग्रामपंचायतींना प्रस्ताव बांधून देतो. त्या अनुभवावरून एक गोष्ट आधीच सांगतो: एका विभागाचा पैसा उचलून दुसऱ्या विभागात टाकणं हे मंत्रालयाचं काम आहे. आपल्या हातात असतं ते काम उचलून योग्य विभागाच्या दारात नेणं. बहुतेक प्रस्ताव पडतात ते या दोन गोष्टींची गल्लत झाल्यानं.

१. दवाखाना कोणाचा, ते आधी पक्कं करा

गावच्या लेखी सगळा 'सरकारी दवाखाना'. कागदावर मात्र तीन वेगळे मालक आहेत.

उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं. त्याचे साहेब जिल्हा आरोग्य अधिकारी, म्हणजे डीएचओ. तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय हे थेट राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचं. तिथे जिल्हा शल्यचिकित्सक, लोक ज्यांना सिव्हिल सर्जन म्हणतात. आणि यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीसारख्या ठिकाणचं वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचं.

प्राथमिक आरोग्य केंद्राचा प्रस्ताव सिव्हिल सर्जनकडे दिला तर तो नाकारला जात नाही, हाच त्रास. तो 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' म्हणून फिरत राहतो आणि मार्च निघून जातो.

इथेच निकषही बघून घ्या. सपाट भागात ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि ३०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र. आदिवासी व डोंगरी भागात हेच ३,००० आणि २०,०००. नवं उपकेंद्र मागायचं की आहे त्याची दुरुस्ती, हे यावरून ठरतं. नवं मागत असाल तर हा लेख पुरणार नाही. नव्या केंद्राला पदं लागतात, आणि पदांची मंजुरी जिल्ह्यात होत नाही.

२. कोणत्या हेडमध्ये काय आहे

हेड म्हणजे लेखाशीर्ष. हा शब्द दिवसातून शंभरदा ऐकू येईल, त्याला घाबरू नका. सरकारी हिशेबात २२१० म्हणजे वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य, २२११ कुटुंब कल्याण, २२१५ पाणीपुरवठा व स्वच्छता, ४२१० म्हणजे आरोग्याचा भांडवली खर्च, इमारती वगैरे. एवढे चार आकडे ओळखले तरी समोरच्याचा सूर बदलतो.

ग्रामीण विदर्भात दवाखान्याच्या कामाला लागू शकणारा पैसा साधारण या ठिकाणी असतो:

- जिल्हा वार्षिक योजना. जिल्हा नियोजन समिती हिचं वाटप ठरवते. पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य-सचिव. हिचे तीन भाग आहेत: सर्वसाधारण, अनुसूचित जाती उपयोजना, आदिवासी उपयोजना. तिन्हींच्या भिंती वेगळ्या.
- वित्त आयोगाचा निधी. १५ व्या आयोगात (२०२१-२६) ग्रामपंचायतीला आलेल्या पैशात ६० टक्के बंधित होता, निम्मा पाण्याला आणि निम्मा स्वच्छतेला. उरलेला ४० टक्के अबंधित. २०२६ पासून १६ व्या आयोगाचा काळ आहे, तेव्हा टक्केवारी ताज्या शासन निर्णयावरूनच घ्या.
- पेसा अबंध निधी. पेसा म्हणजे अनुसूचित आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा. आदिवासी उपयोजनेच्या ५ टक्के रक्कम पेसा ग्रामपंचायतींना थेट येते. आमच्याकडे केळापूर, घाटंजी, राळेगाव, मारेगाव भागातली काही गावं यात आहेत. धारणी, चिखलदरा आणि गडचिरोली जिल्ह्यातली तर पुष्कळ. याच्या ठरलेल्या बाबींत 'आरोग्य, स्वच्छता, शिक्षण' ही एक स्वतंत्र बाब आहे. तरीही बहुतेक गावांत हा पैसा रस्ता-नालीतच मुरतो.
- जिल्हा खनिज प्रतिष्ठान. वणी-मारेगावचा कोळसा, चंद्रपूरचा कोळसा, तुमसरकडचं मॅंगनीज, सुरजागडचं लोहखनिज. खाणबाधित गावांसाठीच्या या निधीतला मोठा हिस्सा 'उच्च प्राधान्य' बाबींवर खर्चणं बंधनकारक आहे, २०१५ च्या मूळ नियमात किमान ६० टक्के. आरोग्य त्या बाबींत येतं. आधी तुमचं गाव बाधित गावांच्या यादीत आहे का ते बघा.
- राष्ट्रीय आरोग्य अभियान. केंद्राचे ६०, राज्याचे ४० टक्के. यातून गावच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत अबंधित निधी, तसंच उपकेंद्राला आणि रुग्ण कल्याण समितीला वेगळा.
- जिल्हा परिषदेचा सेस, म्हणजे तिचं स्वतःचं उत्पन्न, आणि ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न. स्वउत्पन्नातला १० टक्के महिला व बालकल्याणाला आणि ५ टक्के दिव्यांगांना खर्चायचाच असतो. प्रसूतीगृहातली सोय किंवा दवाखान्याचा उतार-रॅम्प यात बसवता येतो.

आमदार-खासदार निधी मुद्दाम यादीत घेतला नाही. तो मिळतो, पण त्याची रीत वेगळी आणि ती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

३. ज्या भिंती ओलांडता येत नाहीत

विधिमंडळ पैसा मंजूर करतं तो 'मागणी'निहाय, म्हणजे विभागवार. एका मागणीतला पैसा त्याच मागणीतल्या दुसऱ्या बाबीला देणं म्हणजे पुनर्विनियोजन. ते वित्त विभागाच्या नियमांत राहून होतं. एका विभागाच्या मागणीतून दुसऱ्या विभागाच्या मागणीत मात्र पुनर्विनियोजन होतच नाही. त्याला पुरवणी मागणी लागते, आणि ती विधिमंडळातच मंजूर होते. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात हेच चालतं. तेव्हा 'बांधकाम विभागाचे दोन कोटी आरोग्याला द्या' असा ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांना दिला, तर साहेबांच्या हातातही काही नसतं.

आणखी तीन भिंती लक्षात ठेवा. महसुली खर्चाचा पैसा भांडवली खर्चाला लागत नाही, म्हणजे औषधांच्या पैशातून इमारत नाही. जी बाब अंदाजपत्रकात मुळातच नव्हती, ती पुनर्विनियोजनातून नव्यानं जन्माला घालता येत नाही. आणि आदिवासी किंवा अनुसूचित जाती उपयोजनेचा पैसा सर्वसाधारण कामाकडे वळवायचा नसतो. ही तिसरी भिंत मोडायचा मोह लोकप्रतिनिधींना फार होतो. तुमच्या ठरावावर तसा मजकूर कोणी घालायला लावला तर सही करू नका.

राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या पैशाचंही असंच. वार्षिक आराखड्यात ज्या बाबीला मंजुरी आली, त्याच बाबीवर खर्च. प्रशिक्षणाचे पैसे उरले म्हणून डीएचओ साहेब त्यातून कंपाउंड बांधू शकत नाहीत.

मग कोविडात कसं झालं? २०२१-२२ मध्ये जिल्हा वार्षिक योजनेतला ३० टक्क्यांपर्यंत निधी कोविडवर वापरायला शासनानंच परवानगी दिली होती. शासनाचा आदेश असेल तर भिंतीला दार पडतं. तसा आदेश नसताना त्या उदाहरणाचा दाखला देऊन उपयोग होत नाही, पण 'कधीच होत नाही' म्हणणाऱ्याला उत्तर म्हणून ठेवा.

४. काम तोडून मांडा

खरं कसब इथे आहे. समजा उपकेंद्राची अवस्था अशी आहे: नळाला पाणी नाही, शौचालय मोडकं, प्रसूतीच्या खोलीची फरशी उखडलेली, रात्री लाइन गेली की सिस्टर मोबाइलच्या उजेडात काम करते, आणि पावसाळ्यात शेवटचा दोनशे मीटर चिखल. हे सगळं एका अर्जात 'उपकेंद्राचा विकास करणे' असं लिहिलं, तर ते आरोग्याच्याच हेडमध्ये जाऊन पडतं. तिथे आधीच रांग लागलेली असते.

तेच तोडून बघा. नळजोडणी आणि टाकी हे पाण्याचं काम आहे, ते बंधित निधीतल्या पाण्याच्या भागातून. शौचालय आणि सांडपाणी स्वच्छतेच्या भागातून. १५ व्या आयोगाच्या नियमात एक सोयीची गोष्ट होती: पाणी आणि स्वच्छता यांपैकी एका बाबीची गरज गावात पूर्ण भागली असेल, तर तिचा पैसा दुसऱ्या बाबीला लावता येत होता. गावपातळीवर निधी इकडून तिकडे नेण्याचा इतका सोपा मार्ग दुसरा नव्हता, आणि तो फार कमी ग्रामपंचायतींनी वापरला. फरशी अबंधितमधून, किंवा पेसा गाव असेल तर पेसा निधीच्या आरोग्य बाबीतून. सौर दिवे-इन्व्हर्टर खाणबाधित गावात खनिज निधीतून. चिखलाचा रस्ता ग्रामपंचायतीच्या रस्त्यांच्या आराखड्यात, पण त्याचं नाव 'मुख्य रस्ता ते उपकेंद्र पोचरस्ता' असंच ठेवा. 'अमुक यांच्या घरापासून' असं कोणी सुचवलं तर ऐकू नका.

आता आरोग्याकडे मागायचं काय उरलं? औषधं, उपकरणं, माणसं. जे फक्त तेच देऊ शकतात ते.

रोगाच्या बाबतीतही असंच. कपाशीवर फवारणीच्या दिवसांत विषबाधेचे रुग्ण येतात. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात त्यानं शेतकरी-मजुरांचे जीव गेले. रुग्णाला लागणारं औषध आणि खाट आरोग्याची, पण मास्क-हातमोजे, फवारणीचं प्रशिक्षण, दुकानांवरचं लक्ष हे कृषी विभागाचं. अशा वेळी आरोग्याच्या हेडमधून मास्क मागणं म्हणजे औषधाच्या पैशाला कात्री लावणं. सिकलसेलच्या तपासणीत आश्रमशाळेतली मुलं असतील, तर आदिवासी विकासच्या प्रकल्प कार्यालयालाही पत्र द्या, कारण शाळा त्यांची आहे.

एक इशारा: काम तोडणं म्हणजे निविदा टाळायला एकाच कामाचे तुकडे करणं नव्हे. वेगळ्या स्वरूपाची कामं वेगळ्या हेडमध्ये, हे ठीक. एकच भिंत तीन तुकड्यांत, हा लेखापरीक्षणातला आक्षेप.

५. बचत हुडका

जिल्हा वार्षिक योजनेत खरी हालचाल होते ती 'बचती'तून. एखाद्या यंत्रणेला मिळालेला निधी मार्चपर्यंत खर्च होणार नाही असं दिसलं, की ती यंत्रणा बचत कळवते. साधारण जानेवारीच्या बैठकीत पुढच्या वर्षाचा आराखडा आणि या बचतीचं पुनर्विनियोजन, दोन्ही विषय येतात. समितीनं मान्यता दिली की एका योजनेची बचत दुसऱ्या योजनेला मिळते. ही हालचाल जिल्हा योजनेच्या आतली आहे, वर सांगितलेली विभागांच्या मागण्यांमधली नव्हे.

अडचण अशी, की कुठलंही खातं बचत स्वतःहून सांगत नाही. सांगितली तर पुढच्या वर्षीची तरतूद कमी होईल ही धास्ती. त्यामुळे डिसेंबरात जिल्हा नियोजन कार्यालयात जाऊन योजनानिहाय तरतूद आणि खर्चाचा तक्ता मागा. तोंडी मिळाला तर उत्तम, नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरातच टाकून ठेवा. उत्तराला ३० दिवस असतात. जानेवारीत अर्ज टाकून फायदा नाही.

तक्ता मिळाला की फक्त टक्केवारी पाहू नका. जिल्हा परिषदेला या योजनेचा पैसा खर्चायला पुढच्या वर्षीच्या मार्चपर्यंत मुदत असते, राज्य यंत्रणांना त्याच वर्षाच्या मार्चपर्यंतच. म्हणून जिल्हा परिषदेचा कमी खर्च म्हणजे बचत असेलच असं नाही. राज्य यंत्रणेचा डिसेंबरातला कमी खर्च मात्र बोलका असतो.

६. कागदं

पुनर्विनियोजनाच्या वेळी पैसा त्यालाच मिळतो ज्याची फाइल तयार असते. बैठकीनंतर कागदं गोळा करायला वेळच नसतो. म्हणून हे सगळं दिवाळीच्या आत जमवा:

- ग्रामसभेचा ठराव, उपस्थितीच्या सह्यांसह
- रुग्ण कल्याण समितीचा किंवा गावच्या आरोग्य समितीचा ठराव
- वैद्यकीय अधिकाऱ्याचं गरजेचं पत्र, सोबत मागच्या वर्षाची ओपीडी, प्रसूती, रेफर केलेल्या रुग्णांची आकडेवारी
- जागेचा पुरावा: सातबारा किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८
- जिल्हा परिषद बांधकाम उपविभागाकडून चालू दरसूचीनुसार अंदाजपत्रक, आणि तांत्रिक मान्यता
- हे काम दुसऱ्या कुठल्याही योजनेतून मंजूर नसल्याचा दाखला
- तारीख आणि ठिकाण दिसणारे फोटो
- पुढच्या देखभालीची हमी कोण घेणार त्याचं पत्र

सगळ्यात जास्त अडतं ते जागेवर. जुनी उपकेंद्रं कोणीतरी दानात दिलेल्या जागेवर उभी आहेत आणि सातबाऱ्यावर आजही आजोबांचंच नाव असतं. वारसांना तोंडी हरकत नसते, पण कागद लागतो. दानपत्र किंवा फेरफाराला महिने जातात, तेव्हा पहिलं काम हेच.

दुसरं, गेल्या वर्षीचं अंदाजपत्रक तारीख बदलून पुढे पाठवू नका. दरसूची बदलली असेल तर तांत्रिक मान्यतेत परत येतं.

७. ठराव असा लिहा

ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल तेवढी हजेरी लागते. पेसा गावाचा नियम वेगळा आहे, तो ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक किंवा ग्रामविकास अधिकारी) समजून घ्या. विषय मूळ नोटिशीतच लिहा. 'आयत्या वेळच्या विषयात' घेतलेला निधीचा ठराव पुढे कोणीही उडवून लावू शकतो.

मजकूर थोडक्यात असा:

"मौजे … येथील आरोग्य उपकेंद्राच्या प्रसूती कक्षाची दुरुस्ती करणे, अंदाजित रक्कम रु. …, हे काम सन … च्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात समाविष्ट करण्यात यावे. सदर कामासाठी … निधीतून खर्च करण्यास, तसेच जिल्हा वार्षिक योजनेत बचत उपलब्ध झाल्यास पुनर्विनियोजनातून तरतूद मिळण्याबाबत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत प्रस्ताव सादर करण्यास ही सभा मंजुरी देत आहे. सूचक … अनुमोदक …"

'आरोग्य सुविधा वाढवाव्यात' असा ठराव ऐकायला बरा, पण त्याला रक्कम नाही, काम नाही, हेड नाही. बाबू तो वाचतसुद्धा नाही.

८. फाइल कुठून कुठे जाते

ग्रामपंचायतीच्या पैशातलं काम असेल तर ते ई-ग्रामस्वराजवर, म्हणजे ग्रामपंचायतींच्या सरकारी पोर्टलवर, आराखड्यात चढलेलं हवं. न चढलेल्या कामाचं पेमेंट निघत नाही. मूळ आराखड्यात राहून गेलं असेल तर पूरक आराखडा करा. पेमेंट सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी दोघांच्या डिजिटल सहीनं निघतं. नव्या सरपंचानं ती सही निवडून आल्यावर लगेच नोंदवून घ्यावी.

जिल्ह्याच्या पैशाचं असेल तर वैद्यकीय अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी, डीएचओ, मग मुख्य कार्यकारी अधिकारी आणि तिथून जिल्हा नियोजन अधिकारी. प्रत्येक टेबलावर आवक क्रमांक घ्या. क्रमांकाशिवाय फाइल 'दिसलीच नाही' असं ऐकायला मिळतं. प्रशासकीय मान्यता कोण देणार आणि काम कोणती यंत्रणा करणार, हे डीएचओ कार्यालयातच विचारून प्रस्तावात लिहा.

तारखांचा अंदाज असा: २ ऑक्टोबरपासून गावाचा आराखडा, नोव्हेंबरपर्यंत अंदाजपत्रक, डिसेंबरात बचतीचा शोध, जानेवारीत नियोजन समिती. निवडणुकीची आचारसंहिता लागली तर नव्या मान्यता थांबतात, म्हणून निवडणुकीच्या वर्षी हे सगळं महिनाभर आधी उरका. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पैसा मिळतोय म्हणून कोणी बोलावलं, तर आधी विचारा की खर्चाची मुदत किती. काही वेळा तो पैसा फक्त आकडा दाखवायला दिलेला असतो आणि ३१ मार्चला परत जातो.

९. पैसा आल्यावर

काम सुरू होण्याआधी, चालू असताना आणि नंतर, तिन्ही वेळचे फोटो. एकाच इमारतीवर दोन-तीन हेडचा पैसा लागला असेल, तर प्रत्येक हेडची मोजमाप पुस्तिका आणि बिलं वेगळी. फरशीच्या बिलात टाकीची सिमेंट घुसली की लेखापरीक्षणात वसुली निघते, आणि ती सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांच्या नावावर निघते.

उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्चल्याचा दाखला, वेळेत द्या. मागचं प्रमाणपत्र बाकी असलेल्या गावाचं नाव पुढच्या वेळी यादीतून सगळ्यात आधी कटतं.

शेवटी ताबा पावती. ग्रामपंचायतीनं केलेलं काम वैद्यकीय अधिकाऱ्यांनी लेखी ताब्यात घेतलं पाहिजे आणि त्यांच्या मालमत्ता नोंदवहीत चढलं पाहिजे. हे राहिलं तर दोन वर्षांनी इन्व्हर्टरची बॅटरी बदलायची वेळ येते तेव्हा आरोग्य खातं म्हणतं आमचं नाही, आणि ग्रामपंचायत म्हणते आम्ही देऊन टाकलं. पावतीची एक प्रत सिस्टरकडे, एक ग्रामपंचायतीत आणि एक तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे आवक क्रमांक घेऊन.